थोरली, धाकटी आणि सोफ्याची स्प्रिंग

आमच्या जिन्यात बातमी फुटली ती अशी, की दुसऱ्या मजल्यावरच्या पाकटताईने मत्स्यालयातलं पाकट पळवून घरी आणलंय आणि बाथरूममधल्या टबात सोडलंय. बातमीची मालकी समोरच्या काकूंकडे. त्यांनी दाराच्या भोकातून डोळ्यांनी पाहिलं होतं: ताई पुढे, ताईचा नवरा मागे, मध्ये ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं, दाराच्या फळीएवढं रुंद काहीतरी, आणि त्याची लोंबणारी शेपटी प्रत्येक पायरीवर टप टप आपटत होती. पाकट म्हणजे तो चपटा, अंथरलेल्या चादरीसारखा मासा, ज्याच्या शेपटीत विषारी काटा असतो. तो आपल्या डोक्यावरच्या मजल्यावर राहायला आलाय म्हटल्यावर माणसं गप्प बसतील का? बातमी तळमजल्यावर पोचेपर्यंत एकाची दोन पाकटं झाली. तिथून वर येताना ताईचा नवरा बिचारा आंघोळीला त्याच्या सोफ्यांच्या दुकानात जातो असं ठरलं. संध्याकाळी कुणालातरी गच्चीवरच्या टाकीत खारं पाणी सोडल्याचा संशय आला आणि दोन घरांनी प्यायचं पाणी उकळायला घेतलं.

अखेर काकूच शहानिशा करायला गेल्या. कारणाशिवाय जाणं बरं दिसत नाही, म्हणून पाना मागायला गेल्या.

"पाना आहे का गं?" काकूंनी दारातूनच मान लांब केली.

"आहे की. बाथरूममध्ये खिडकीत ठेवलाय. या, तुम्हीच घ्या," ताई म्हणाली आणि बाजूला झाली.

टबात चादरी भिजत घातल्या होत्या. काकूंनी एक उचलून खालीही पाहिलं. मग बाहेरच्या खोलीत आल्या, तर सोफ्यावर दोन पाकटं पाठ टेकून बसलेली, जेवायला बोलावलेल्या पाहुण्यांसारखी. तपकिरी रेक्झिनची, आत फोम भरलेली, कडेला दुहेरी शिलाई.

"खोटी आहेत ही," काकू जरा दुखावल्याच.

"खरी असती तर तुम्हाला बसायला जागा कुठे होती?" ताई म्हणाली. "बसा. त्या डाव्या बाजूच्या शेपटीला मात्र हात लावू नका."

काकूंनी लावला. शेपटीत सोफ्याची स्प्रिंग होती. ती फाडकन वळली आणि काकूंच्या कोपरावर निळ्या शाईचा एक लांबलचक फराटा उमटला. म्हणून त्या आठवड्यात काकू लांब बाह्यांत दिसल्या, आणि बातमीवर त्यांनी पुन्हा एक शब्द काढला नाही.

आता हे सोंग कशासाठी, ते सांगायचं तर आधी ताई सांगायला हवी.

ताई मत्स्यालयात लागली ती काचा पुसायला. पाकटांच्या टाकीची काच पुसताना आतलं पाकट फडक्याच्या मागे मागे पोहायचं, डावीकडे पुसलं की डावीकडे, उजवीकडे पुसलं की उजवीकडे. ताईला वाटलं, चला, या जगात कुणीतरी आपलं ऐकतं. काचेच्या बाहेरून ती हळूहळू काचेच्या आत पोचली: आधी चारा कापणारी, मग चारा घालणारी, मग टाकीत उतरून पाकटांच्या प्रकृतीची देखभाल करणारी. शिकत गेली, परीक्षा दिल्या, आणि आता दुपारी पाकटांच्या जेवणाच्या वेळी ध्वनिक्षेपक हातात घेऊन तीच भाषण करते. लोक पाकटं बघायला येतात आणि ताई ऐकून जातात.

तिचा एक गुण मात्र जन्मजात आहे. "माहीत नाही" हे शब्द तिच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. स्टेशन कुठे आहे असं विचारणाऱ्याला ती असा ठाम हात करून दाखवायची की माणसं तिच्या विश्वासावर दोन-दोन चौक उलट्या दिशेने चालत गेली आहेत. काकूंच्या गुडघ्याला औषध, तिसऱ्या मजल्यावरच्या सुनेला नोकरीचा सल्ला, नवऱ्याला त्याच्याच धंद्यातलं कापड, सगळं तिच्याकडे तयार. नवरा सोफे दुरुस्त करतो. त्याचं म्हणणं, "आमच्या हिच्याशी वाद घालायचा तर आधी गादी अंथरून घ्यावी. पडल्यावर लागत नाही."

तिच्या दुपारच्या भाषणातला मुख्य भाग दोन पाकटांचा. टाकीत दोन जातींची पाकटं एकत्र राहतात. त्यांची शास्त्रातली नावं पाटीवर लिहिलेली आहेत, पण ती वाचताना लोकांची जीभ अडखळते म्हणून ताईने त्यांची सोय केली: एक थोरली, एक धाकटी.

"दोघी चुलत बहिणी," ती सुरू करते. "पाठीचा रंग एक, ठिपके एक, चाल एक. पण नशीब बघा. थोरली वाढते दिवाणाएवढी, धाकटी परातीएवढी झाली की थांबते. थोरलीला कशाचीच घाई नाही. वयात यायलाच तिला एवढी वर्षं लागतात की आपलं पोर पाळण्यातून उठून हायस्कुलात जावं. मग पिल्लू एका खेपेला एखादं, फार तर दोन. धाकटी मात्र लवकर मार्गी लागते, लेकुरवाळी होते. आता जाळं काही वय विचारून ओढत नाही. धाकटीच्या घरातली माणसं गेली तरी पुन्हा भरतात. थोरलीचं घर रिकामं झालं की रिकामंच राहतं."

मग ती टाकीच्या वरच्या शिडीकडे बोट दाखवते. जगभरचे अभ्यासक जनावरांना अशाच एका शिडीवर उभं करतात, असं ती सांगते. वरच्या पायरीवर ज्यांची काळजी नाही ते. खाली एकेक पायरी उतरत जाल तसा धोका वाढतो आणि सगळ्यांत खाली पाणी, तिथे गेलेलं परत येत नाही. धाकटी उभी आहे वरून दुसऱ्या पायरीवर: अजून धोक्यात नाही, पण धोक्याच्या शेजारी. थोरलीचे पाय ओले झालेत. तिच्या पायरीचं नाव अतिधोक्यात.

"आणि हे कळायला उशीर का झाला?" इथे ती श्रोत्यांकडे असं बघते जणू त्यांनीच केला. "कारण बंदरात दोघींना एकाच टोपलीत घालायचे. पाकट म्हणजे पाकट. टोपल्या भरून येत होत्या, तोवर सगळे खूश. टोपलीतून थोरली कधी उठून गेली ते धाकट्यांच्या गर्दीत कुणाला दिसलंच नाही."

तर ही ताई. आणि तिचा एक धाकटा भाऊ आहे, त्याची बोट आहे. तळाला जाळं ओढणारी, दोन खलाशांची, रंग उडालेली. तिच्या जाळ्यात जे येतं त्यात पाकटांचा वाटा मोठा. पाकटं वगळली तर बोट समुद्रात नेण्यात अर्थ उरत नाही, आणि दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जायचं त्याचं वय राहिलेलं नाही.

मत्स्य खात्यातल्या मॅडमनी बंदरात सभा घेतली ती नेमकी यावरच. मॅडम शांत बाई. आवाज चढवत नाहीत, म्हणून त्या बोलताना मागचे लोक आपोआप गप्प होतात. त्या म्हणाल्या, "थोरली धरायची नाही, हे तर ठरलंच आहे. प्रश्न धाकटीचा. थोरलीचं पिल्लू आणि पूर्ण वाढलेली धाकटी आकाराने एकसारखी दिसतात. तुम्हाला ती डेकवर ओळखता आली, आणि थोरली जिवंत परत सोडता आली, तर धाकटी चालू ठेवू. नाहीतर सगळ्याच पाकटांवर बंदी."

सभागृहात कुजबुज झाली. ताई पहिल्या रांगेत होती, मत्स्यालयातर्फे. ती उठली.

"ओळखायचं काय त्यात? थोरलीचं शेपूट टोकाला पांढरं, धाकटीच्या शेपटाला काळे पट्टे. लहानपणापासून. मी तक्ता काढून देते, डेकवर लावा. डुलकी घेणारा माणूससुद्धा ओळखेल. चाचणी माझ्या भावाच्या बोटीवर घ्या."

भाऊ शेवटच्या रांगेत होता. त्याने डोक्यावरची टोपी पुढे ओढून घेतली.

तक्ता मात्र ताईने झकास काढला. दोन पाकटं, शेजारी शेजारी, शेपट्या मोठ्या करून दाखवलेल्या. रविवारी भाऊ जेवायला आला तेव्हा तो भिंतीवर टांगलेला होता. भावाने घास तोंडात धरूनच तो पाहिला आणि हसू लागला. आधी खांदे हलले, मग ठसका लागला, मग भाऊजींनी पाठीवर थापट्या मारल्या.

"काय झालं दात काढायला?" ताई म्हणाली.

"ताई, शेपूट कुठून आणू?"

"म्हणजे?"

"जाळं डेकवर रिकामं झालं की पहिलं काम काय? कोयता घ्यायचा आणि पाकटांच्या शेपट्या तोडायच्या. सगळ्यांच्या. मुळापासून. मगच बाकीच्याला हात. काटा शेपटीत असतो ना. तुझा हा तक्ता बघायला वर मान करेन तोवर शेपटी पाण्यात गेलेली असते."

"तोडायच्या आधी बघायचं."

"बघायचं कशाला? पाकट म्हणजे पाकट."

ताईच्या नवऱ्याने पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला. इतकी वर्षं पाकटं पाळणाऱ्या बाईने एक गोष्ट लक्षात घेतली नव्हती: तिच्या टाकीत पाकटांना शेपट्या असतात. बोटीवर नसतात. थोरलीचं पिल्लू ओळखायचं तर शेपूट हवं, शिवाय शेपूट तोडून परत सोडलेलं पाकट पुढे किती जगतं हे छातीठोक सांगता येणार नाही. म्हणजे कोयता थांबला नाही, तर तक्ता भिंतीची शोभा आणि भावाची बोट किनाऱ्याला.

"मग नाही तोडायची शेपूट," ताई म्हणाली.

भावाने ताट बाजूला सरकवलं आणि उजवा पाय खुर्चीवर ठेवला. घोट्याच्या वर एक खड्डा आहे, करंगळी बुडेल एवढा. कधीकाळी एका पाकटाने तिथे काटा मारला होता. तो पाय सुजून खांबासारखा झाला होता, भाऊ कितीतरी महिने अंथरुणावर होता आणि उठला तो लंगडतच. त्या दिवसापासून त्याच्या बोटीवर एकच नियम: अख्ख्या शेपटीचं पाकट डेकवर क्षणभरही ठेवायचं नाही.

"तुझं पाकट काचेमागे असतं," तो म्हणाला. "माझं माझ्या पायाशी असतं. आणि माझ्या नावाने भर सभेत शब्द दिलास, मला विचारलंस का?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतास."

"तेच म्हणतोय."

"म्हणून नाही विचारलं."

यावर भावाने भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी भात कालवण्यात गुंतले होते. लग्न झाल्यापासून बहीण-भावाच्या भांडणात ते असेच गुंतलेले असतात.

पण ताई अडली म्हणून थांबणारी नव्हे. मत्स्यालयात पाकटाला डॉक्टरकडे न्यायचं असलं की काट्यावर रबरी पाइपचा तुकडा चढवतात, चाकूला म्यान असावं तसा. टाकीतलं पाकट सवयीचं असतं, शांत राहतं. डेकवरचं पाकट चवताळलेलं, त्याच्या शेपटीत पाइप ओवत कोण बसणार? तिने दोन दिवस पाइपशी झटापट केली, मग एका बाजूने तो उभा चिरला. चिरलेला पाइप लांब काठीच्या टोकाला लावला, वरून शेपटीच्या बुडख्यावर दाबला की तो खटकन बसायचा आणि काटा आत गडप. काठी काढून घ्यायची. पाइपच्या पुढे शेपटीचं टोक मोकळं, पांढरं की पट्ट्यांचं ते स्वच्छ दिसणारं. थोरली निघाली तर ओलं गोणपाट खाली सरकवायचं, दोघांनी दोन बाजूंनी उचलायचं आणि पाण्यात सोडता सोडता पाइपला बांधलेली दोरी ओढून पाइप काढून घ्यायचा. धाकटी निघाली तर टोपली आहेच.

सरावाला पाकटं हवीत. खरी आणणं शक्य नव्हतं, म्हणून नवऱ्याने रेक्झिनची शिवली. आणि त्या माणसाची कल्पकता बघा: शेपटीत त्याने जुन्या सोफ्याची स्प्रिंग घातली, हात लागला की फटकारणारी, आणि काट्याच्या जागी स्पंजचा तुकडा शिवला, शाईत बुडवायचा. ताईने विचारलं, शाई कशाला, तर म्हणाला, "विष परवडत नाही." पाकटं शिवून झाल्यावर ती दोघांनी मिळून घरी आणली, गोणपाटाची ओली घडी जमते का ते बघायला त्यातच गुंडाळून. काकूंनी भोकातून पाहिलं ते हे.

सराव नवऱ्याच्या दुकानामागच्या मोकळ्या जागेत व्हायचा. भावाचे दोन्ही खलाशी यायचे. त्यातला एक अतिशय उंच, त्याला सगळे लंबू म्हणतात. पहिल्या दिवशी लंबूच्या दोन्ही पोटऱ्या निळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी एकच. ताई खुर्चीवर उभी राहून ओरडायची, "मागून जा, मागून. पुढून गेलास तर ती तुला ओळख दाखवणार." काठी कुठे धरायची, पाय कुठे ठेवायचा, गोणपाटाचं टोक कुणी आधी उचलायचं, सगळं तिने कवायतीसारखं घोटून घेतलं. नवऱ्याकडे पडदे शिवून घ्यायला आलेली गिऱ्हाइकं पडदे विसरून हेच बघत बसायची.

भाऊ यायचा, कठड्यावर बसायचा, पाय वर घ्यायचा. बोलायचा नाही. लंबूला शाई लागली की तेवढं "मेलास" म्हणायचा. मग एके दिवशी सगळा सराव झाला तरी त्याला "मेलास" म्हणायची संधीच मिळाली नाही.

"काय?" ताई म्हणाली.

"रेक्झिन आहे ते," भाऊ म्हणाला. "पण ठीक आहे. मी सुकाणूच्या चाकापाशी उभा राहणार. डेकवर पाय ठेवणार नाही. आणि माझ्या एका माणसाला जरी काटा लागला, तर पहिला तो पाइप पाण्यात जाईल आणि दुसरी तू."

"मला पोहता येतं," ताई म्हणाली.

चाचणीच्या दिवशी मॅडम बोटीवर चढल्या त्या रबरी बूट घालून. ताईने मत्स्यालयाचा निळा डगला घातला होता, वाऱ्यात तो फुगायचा आणि ती शिडासारखी दिसायची. जाळं वर आलं, डेकवर मोकळं झालं. मासे, खेकडे, चिखल, आणि मध्ये पाकटं, पंख आपटत. कोयता नेहमीच्या जागी अडकवलेला होता. लंबूचा हात सवयीने तिकडे गेला. ताई नुसती खाकरली. हात परत आला.

मग जे झालं ते आमच्या लंबूच्या तोंडून ऐकावं, पण तो प्रत्येक वेळी पाकटं वाढवून सांगतो, म्हणून थोडक्यात. पहिल्या पाकटावर पाइप तिरका बसला. दुसऱ्या खलाशाने सरळ केला. टोकाला काळे पट्टे: धाकटी, टोपलीत. त्यानंतरचीही धाकटी. मग एकावर पाइप बसला आणि पुढे चुन्याने रंगवल्यासारखं टोक बाहेर आलं. आकाराने टोपलीतल्या दोघींएवढीच. थोरलीचं पिल्लू. गोणपाट सरकलं, दोन बाजूंनी हात लागले, दोरी ओढली गेली, आणि पाकट पाण्यात पंख हलवत दिसेनासं झालं. मॅडम वाकून बघत होत्या. चाकापाशी भाऊही बघत होता, वर वर लक्ष नसल्यासारखा.

काम तालात चाललं. कुणाला काटा लागला नाही. ताईची मान हळूहळू वर वर जात होती, आणि आता भाषण सुरू होणार असं भावाला वाटायला लागलं, तेवढ्यात ढिगाच्या तळातून शेवटचं पाकट निघालं.

त्याला शेपूटच नव्हतं. बुडख्याशी एक जुनं, बुजलेलं थोटूक. कधीतरी, कुठल्यातरी बोटीवर कोयता बसला होता आणि हे पाकट कसंबसं पाण्यात निसटून जगलं होतं. त्या खेपेतलं सर्वांत भरदार पाकट तेच.

"धाकटीच असणार," लंबू म्हणाला. "टाकू टोपलीत?"

"धाकटीच दिसते," दुसरा खलाशी म्हणाला.

शेपूट नाही म्हणजे काटा नाही. तेव्हा भाऊ चाक सोडून डेकवर आला, चाचणी सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच. सगळे ताईकडे बघत होते. ताई गुडघ्यांवर बसली. तिने नाकाचा आकार पाहिला, या मापात तो दोघींचा सारखाच असतो. डोळे पाहिले. पंख उचलून पोट पाहिलं. ठिपके पाहिले. बोट डुलत होती आणि पाकट श्वास घेत होतं.

काहीही बोलली असती तरी खपलं असतं. धाकटी म्हणाली असती तर भावाची टोपली भरली असती, थोरली म्हणाली असती तर मॅडम खूश झाल्या असत्या, आणि तिला खोडून काढणारं त्या बोटीवर कुणी नव्हतं.

"मला नाही कळत," ताई म्हणाली.

लंबूला वाटलं वाऱ्यामुळे नीट ऐकू आलं नाही. "काय म्हणालात?"

"कळत नाही म्हटलं. शेपूट नाही, दुसरी खूण नाही. कोणती आहे, मला माहीत नाही."

भाऊ बहिणीकडे बघत राहिला. लहानपणी तिने त्याला आत्मविश्वासाने चुकीच्या शाळेत नेऊन बसवलं होतं, त्या दिवसापासून तो हे वाक्य ऐकायची वाट बघत होता. पण आता ते ऐकल्यावर त्याला हसू आलं नाही. त्याने टोपलीकडे पाहिलं, मग पाकटाकडे.

"हिला कळत नाही, तर आपल्याला काय कळणार?" तो म्हणाला. "लंबू, ते टोक धर."

मॅडमनी पंखाच्या कडेचा नखाएवढा तुकडा तपासणीसाठी कापून घेतला. मग भाऊ लंगडत खाली वाकला, गोणपाटाचं दुसरं टोक त्याने स्वतः उचललं, आणि खेपेतलं सर्वांत मोठं पाकट त्याच्या हातून पाण्यात गेलं.

धक्क्यावर परतल्यावर मॅडमनी निकाल उभ्या उभ्याच सांगितला. पाइप चांगला आहे, म्हणाल्या, तो सगळ्या बोटींना द्यायला हवा. "पण मला काळजी पाइपची नव्हती. मला वाटायचं, शंका आली की तुम्ही लोक धाकटी म्हणून मोकळे होणार. आज शंका आली आणि तुम्ही ते पाकट सोडलंत. हाच नियम लिहू: शेपूट न तोडता बघायचं, आणि नाही कळलं तर परत पाण्यात. थोरलीवर बंदी. धाकटी चालू."

लंबूने धक्क्यावरच एक गिरकी घेतली. भाऊ नुसता खांबाला टेकला आणि बऱ्याच वेळाने त्याने टोपी मागे सारली.

जिन्यात ही गोष्ट पोचली तेव्हा लोकांना बोट वाचल्याचं कौतुक वाटलंच. पण त्याहून जास्त चर्चा झाली ती ताई "माहीत नाही" म्हणाली याची. काकूंचा विश्वासच बसेना. त्या मुद्दाम पाना परत करायला गेल्या आणि जाता जाता विचारून आल्या, "उद्या पाणी किती वाजता येणार गं?" ताई म्हणाली, "सहाला." आलं आठला. तेव्हा कुठे जिन्याचा जीव भांड्यात पडला.

आता बंदरातल्या बोटींवर काठ्या दिसतात, टोकाला चिरलेला पाइप असलेल्या. तक्ताही लागला, शेपट्यांसकट. ताईच्या नवऱ्याकडची रेक्झिनची पाकटं इतर बोटींच्या खलाशांना शिकवायला बंदरात ठेवली आहेत आणि त्यांची शाई पुन्हा पुन्हा भरावी लागते.

पंखाच्या त्या तुकड्याचा अहवाल बऱ्याच दिवसांनी आला. मॅडमनी भावाला फोन करून सांगितला, आणि भाऊ बोट बांधून, हातपायही न धुता थेट दुसऱ्या मजल्यावर आला. दार उघडंच होतं, म्हणून पुढचं सगळ्या जिन्याला ऐकू आलं.

"ताई, धाकटी निघाली ती. शुद्ध धाकटी. माझं सर्वांत मोठं पाकट तुझ्यापायी पाण्यात गेलं."

"गेलं तर गेलं. पिल्लं घालील."

"घालू दे. माझं काही म्हणणं नाही," भाऊ म्हणाला. तो चांगलाच रंगात होता. खुर्ची ओढून त्याने ऐसपैस बैठक मारली. "हिशोब एकदाचा मिटला, ते बरं झालं. थोरली सरकारची, धाकटी आपली. आता धाकटी किती का धरीना, कुणी विचारायचं नाही."

ताई चहा गाळत होती. ती वळलीसुद्धा नाही.

"थोरलीही आपलीच होती रे. संपवत आणली, म्हणून सरकारची झाली."